आईच्या पुटकुळ्या

रोज जेवण झालं की लताबाई बेसिनसमोर प्लास्टिकच्या स्टुलावर बसत आणि तेजल कॉलेजातला आपला जुना हेअरबँड त्यांच्या कपाळावर चढवून केस मागे घेई. आधी कोमट पाणी. मग फेसवॉशचा एक थेंब, तोही आपल्या तळहातावर फेस करून. चोळायचं नाही, मऊ पंचाने नुसतं टिपायचं. चेहरा पूर्ण सुकला की पुटकुळ्यांवर जेलचा पातळ थर आणि त्यावर तेल नसलेलं मॉइश्चरायझर. रात्री डोक्याला तेल लावायचं नाही, उशीचा अभ्रा स्वच्छ हवा.

हा क्रम तेजलने स्वतःसाठी बसवलेला होता. तिची त्वचा तेलकट, आणि मायक्रोबायोलॉजी शिकत असताना तिचं तोंड कायम पुटकुळ्यांनी भरलेलं असे. आता तसाच ती साठीच्या आईचा चेहरा धूत होती. जेल डॉक्टरांनी दिलं होतं. बाकी हीच पद्धत चालेल, म्हणाले, फक्त मुरमांवरची झोंबणारी क्रीम लावू नका.

"आता स्थळं येतील मला," लताबाई आरशात बघत म्हणाल्या होत्या. "वय विचारलं तर काय सांगशील?"

"सोळा."

"आणि फुप्फुसाचं?"

"ते लग्न झाल्यावर सांगू."

फुप्फुसाच्या कर्करोगावरची गोळी सुरू झाली आणि पंधरवड्यात लताबाईंचं कपाळ, नाक, गाल लाल पुटकुळ्यांनी भरून गेले. औषध लागू पडतं तेव्हा बरेचदा असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. पण लताबाईंच्या मनात ते बसलं दवाखान्याच्या बाकावर. सिन्नरहून येणाऱ्या चिमणाबाईंना तीच गोळी होती. त्यांनी लताबाईंची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"फोडं आले ना ताई? लय चांगलं. गोळी आत काम करती, त्याची खूण हाय ही. आमच्या शेजारणीला एक फोड नाय आला. दिवाळी नाय पाह्यली तिनं."

परत येताना रिक्षात तेजल म्हणाली, "इतकं सरळ नसतं गं ते, आई." लताबाई बोटांनी गाल चाचपत बसल्या होत्या.

आणि खरंच खोकला थांबला. लताबाई जिना चढून गच्चीवर कपडे वाळत घालायला जाऊ लागल्या. पुटकुळ्या दुखत, खाजत, उशीला रक्ताचे ठिपके लागत. तेजल त्या शांत करायला झटत होती आणि लताबाई रोज सकाळी आरशात त्या आहेत ना हे बघत होत्या.

थंडी पडली तसा चेहरा साफ होत गेला. समोरच्या दारातली मीना म्हणाली, "काकू, काय उजळलाय हो चेहरा! तेजल, मलाही सांग ना, काय लावतेस?"

लताबाई हसल्या नाहीत. आत येऊन त्यांनी दार लावलं.

तेजलने डॉक्टरांना एकटीने विचारलं. ते म्हणाले, शरीर सरावलं की पुरळ कमी होतं. पण नुसत्या चेहऱ्यावरून काही ठरवू नका, पुढच्या महिन्यातला स्कॅन होऊ दे. त्याच आठवड्यात पलीकडच्या खोलीतून पुन्हा खोकला ऐकू आला. कोरडा, तोंडावर पदर धरून केलेला.

मग स्कॅन आठवड्यावर आला तेव्हा केसांच्या कडेला आणि गालांवर नव्या पुटकुळ्या उठल्या. लताबाई स्वतःहून स्टुलावर येऊन बसल्या. चेहरा वर करून म्हणाल्या, "बघ. आल्या परत."

तेजलने दिवा जवळ घेतला. पुटकुळ्यांच्या मध्ये बारीक काळी टोकं होती. गोळीच्या पुरळात अशी टोकं नसतात. त्वचेची छिद्रं बुजली की ती येतात. तेजल आणखी वाकली तेव्हा आईच्या कपाळाला खोबरेल तेलाचा वास आला.

ती आत गेली. आदल्या दिवशी बदललेल्या अभ्र्यावर तेलाचा पिवळट डाग होता. गादी आणि भिंतीच्या फटीत बाटली उभी होती. ती हातात घेऊन तेजल परत बेसिनपाशी आली.

"आई, तोंडाला तेल लावून झोपतेस?"

लताबाईंनी हेअरबँड काढला. "मग काय करू? चांगलं चाललं होतं माझं. तू रोज घासून-पुसून सगळं घालवून टाकलंस."

"घासलं नाही कधी."

"धुतलंस ना? जेल लावलंस ना? अंगातून बाहेर येत होतं, ते बंद केलंस. तेव्हापासून खोकला आलाय. मी काही बोलले का तुला?"

"अगं, गोळी रक्तातून जाते. चेहरा धुतल्याने ती थांबत नाही. या तेलाच्या पुटकुळ्या वेगळ्या, त्यांचा गोळीशी काही..."

"मग त्या पहिल्या कशाने गेल्या?"

सातपूरच्या प्रयोगशाळेत तेजल दिवसभर पाण्याचे नमुने तपासायची आणि जे दिसेल तेच लिहायची. इथे दोनच उत्तरं होती: शरीर सरावलं, किंवा गोळी काम करेनाशी झाली. पहिलं अजून खरं असू शकत होतं. पण लताबाई बघत होत्या तिच्या तोंडाकडे, आणि त्यांना दुसरंच ऐकू आलं असतं.

नळ ठिबकत होता. तिने तो घट्ट केला.

"जेलने गेल्या असतील," ती म्हणाली.

"बघ. मी म्हणत नव्हते?" लताबाईंचे खांदे सैल झाले. "तुझी चूक नाही गं. तुला काय माहीत. मंगळवारी स्कॅन आहे, तोवर तरी तेल राहू दे."

तेजलने जेलची ट्यूब कपाटात ठेवून दिली. फेसवॉशही. मग झाकण काढून तेलाची बाटली उपडी केली. थंडीने तेल थिजलं होतं. तिने बाटली गरम पाण्याच्या मगात धरली, थोडं तेल तळहातावर घेतलं आणि आईच्या कपाळापासून सुरुवात केली. इतके दिवस टिपत आलेला हात तिने आता सावकाश फिरवला. गाल, नाक, हनुवटी. लताबाईंनी डोळे मिटले. मध्येच त्यांना खोकला आला तेव्हा तिने हात उचलला आणि तो थांबेपर्यंत वाट बघितली.

"अभ्रा बदलते," ती म्हणाली.

"आता कशाला? तेल लागणारच आहे त्याला."