मोजणीचा दिवस

आमच्या डोंगरावर टोमॅटो रग्गड पिकतात, पण वाट एकाच गाडीपुरती आणि तीही खड्ड्यांची. बाजारात पोचेपर्यंत खालच्या क्रेटचा पार लगदा! नदीपलीकडच्यांना मात्र डांबरी रस्ता आहे, कालवा आहे, शीतगृहसुद्धा आहे.

म्हणून वाहनं मोजणारे साहेब येणार कळल्यावर सगळे हरखले. दिवसभरात पन्नास वाहनं दिसली तर रस्त्याचा प्रस्ताव पुढे जाणार, नाहीतर पाच वर्षं गप्प बसा.

दहा वाजता मी शाळेला निघाले, तर साहेब वळणावर खुर्ची टाकून बसलेले. मांडीवरचा कागद कोरा करकरीत.

"किती झाली?" मी सायकलवरूनच विचारलं.

"सातपासून एकही नाही."

"मी आले ना!"

"सायकल धरत नाहीत, बाळ. पलीकडे माझा हात दुखला मोजून. इथं कुणी जातच नाही, मग रस्ता करायचा कुणासाठी?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्याकडे पाहुणा आला की तो परत जाईपर्यंत कुणी गाडी बाहेर काढत नाही. समोरासमोर आल्या तर एकाला पार वळणापर्यंत मागे जावं लागतं ना! आणि हे तर साक्षात साहेब!

"तुमच्यासाठीच थांबलेत सगळे! हलू नका हं!"

शाळा गेली उडत. चढ एका दमात मारला. अंगणात बाबा भरलेल्या पिकअपला टेकून बसले होते, आणि आत्या स्कूटरला बांधलेल्या दुधाच्या कॅनवर ओली पोती टाकत होती.

"बाबा, निघा!"

"अगं, साहेबांच्या तोंडावर धूळ उडवायची?"

"खुशाल उडवा! ते गाड्याच मोजायला आलेत, आणि तुम्ही त्या लपवून ठेवल्यात!"

बाबांनी कपाळावर हात मारला. आत्या खो खो हसत म्हणाली, "दादा, सगळ्या गावाची अक्कल एकट्या पोरीच्या सायकलवर फिरतेय बघ!"

मग मी घरोघरी ओरडत सुटले. पिकअप, स्कूटर, टेम्पो, ढोलकाकांचा ढमढमणारा ट्रॅक्टर, अशी जी रांग लागली! साहेबांना तीनदा खुर्ची उचलून शेतात सरकावं लागलं.

ढोलकाकांनी ट्रॅक्टर थांबवून विचारलं, "परत येताना धराल ना?"

"धरीन की. पण खरंच काहीतरी काम करून या."

"खताची पोती आणायचीयत, साहेब. चार फेऱ्यांची!"

पाच वाजता साहेब आमच्या अंगणात आले. भुवया धुळीनं पांढऱ्या झालेल्या. आत्यानं पाण्याची कळशी पुढे केली. बाबा उरलेले क्रेट उतरवायचे थांबले. त्यांचे टोमॅटो आज उशिरा पोचल्यामुळे निम्मेच खपले होते.

"पुढचं वरचे ठरवतील," साहेब म्हणाले आणि त्यांनी कागद माझ्या हातात दिला.

मी मोठ्यानं वाचलं, "बासष्ट!"

मग साहेबांमागोमाग आलेल्या ढोलकाकांच्या आग्रहावरून आणखी एकदा वाचलं.