दादाची सीट

खारू चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीची सायकल चालवायची. तिला सायकलवर बसवलं ते दादानं. तिचं हे नावही त्यानंच पाडलेलं. "हँडल खाली घे, पाठ आडवी कर, वाऱ्याला छाती दाखवू नकोस," असं तो सांगत गेला, तसतसा तिचा वेग वाढत गेला.

वेगाबरोबर दुखणंही आलं. एवढं वाकून बसलं की सगळा भार सीटच्या पुढच्या चोचीवर यायचा. तासाभरात तिथली जागा बधिर व्हायची आणि घरी आल्यावर आग आग व्हायची. हे सांगायचं कुणाला? शेवटी लाज गिळून तिनं दादालाच सांगितलं.

"सगळ्यांनाच होतं," तो म्हणाला. "कातडी निबर झाली की जाईल."

ती निबर व्हायची वाट बघत राहिली. मऊ गादीची सीट आणली, तर आगीतून फुफाट्यात. गादी आणखीच रुतायची. चोच खाली झुकवली, तर खारू पुढे घसरायची आणि मनगटं भरून यायची. "नाचता येईना, अंगण वाकडं," दादा सायकल क्लबात सगळ्यांसमोर म्हणाला. सगळे हसले. तीही हसली.

मोठ्या शर्यतीला क्लबातून एकच नाव जायचं आणि निवड जवळ आली होती. नेमकं तेव्हाच तिचं मागचं चाक वाकलं. दादा वहिनीला घेऊन सासुरवाडीला गेलेला. "त्याची घेऊन जा की," आई म्हणाली. "उंची सारखीच तुमची. तो काय खातोय तुला?"

खारू दादाची सायकल घेऊन निघाली. गावाबाहेरचा लांब सपाट रस्ता तिनं पाठ आडवी करून एका दमात कापला, पुढचा चढही चढली. वर पोचल्यावर पाणी पिताना तिच्या लक्षात आलं, की आज काहीच दुखत नाहीये.

दादाच्या सीटवर कायम एक काळं कव्हर असायचं. तिनं ते काढलं. आत आखूड चोचीची सीट होती, मधोमध रुंद खाच असलेली. कडा झिजून पांढऱ्या पडल्या होत्या. सीट काही कालची नव्हती. काखेत कळसा आणि ती गावभर वळसे घालत फिरली होती.

संध्याकाळी दादा आला, तेव्हा ते कव्हर तिनं त्याच्यापुढे टेबलावर ठेवलं.

"मलाही तसंच व्हायचं," तो म्हणाला. "नस दाबली जाते म्हणाला डॉक्टर. मग बदलली."

"मी सांगितलं, तेव्हा ही होती?"

"होती."

"मग?"

"तू तेव्हा माझ्या चाकाला चाक लावून यायला लागली होतीस."

वहिनी पाण्याचा पेला घेऊन दारातच उभी होती. "मी म्हटलं होतं यांना, सांगून टाका म्हणून," ती हळूच म्हणाली.

म्हणजे वहिनीलाही ठाऊक होतं. खारूला रडू आलं नाही. आपल्या दुखण्याची चर्चा हे दोघं खोलीचं दार लावून करत असतील, एवढंच तिच्या मनात आलं.

तपासताना डॉक्टरीणबाईंना तिथं जखम दिसली; ती भरेपर्यंत त्यांनी सायकल बंद करायला सांगितली. निवडीला ती गेलीच नाही. नाव दादाचं गेलं. जखम भरल्यावर ती एकटीच दुकानात गेली. त्या दिवशी दुखलं नव्हतं, तरी दादासारखी सीट मापानं तिला अरुंदच पडली. बसण्याच्या हाडांचं माप घेऊन दुकानदारानं एकेक सीट लावून दिली. दोन नापास झाल्या. तिसरीवर ती हँडलवर पुरती वाकून बसली आणि बसूनच राहिली.

त्यानंतर सरावाच्या रस्त्यावर दादा एकदा तिला गाठून शेजारी आला. "आता बरी बसतेस ना?" त्यानं विचारलं.

"हो," म्हणून ती पुढे निघून गेली. त्याला मागे टाकताना तिला वाटलं होतं तेवढा आनंद काही झाला नाही.

ती अजून त्याला दादाच म्हणते. पण कुठे काही दुखलं, तर घरात सांगत नाही.