एकही नवा खिळा नाही

“कोणताही अन्याय संघर्षावाचून दूर होत नाही,” असं स्वतःशीच ठणकावून सांगत वकीलसाहेब पलंगाखाली वाकले होते, कारण त्यांचा डावा मोजा सापडत नव्हता.

“संघर्ष नंतर करा. आधी उठून बसा,” बायको दारातून म्हणाली. “दोन्ही मोजे उजव्या पायात घातलेत तुम्ही. एकावर एक.”

वकीलसाहेबांनी पाय पाहिला. पुरावा निर्विवाद होता. त्यांनी वरचा मोजा काढून डाव्या पायात चढवला आणि हे आपण काही विचारानेच केलं होतं असा चेहरा केला. लग्नाला बरीच वर्षं झाल्यामुळे बायकोने त्या चेहऱ्याची दखल घेतली नाही.

“घाबरलाय तुम्ही.”

“छे! निकालाला काय घाबरायचं? निकाल लागतातच.”

“तुमचे कधी लागले?”

वकीलसाहेबांनी उभं आयुष्य मानवी हक्कांच्या आणि जनहिताच्या याचिका लढवण्यात घालवलं होतं. कोठडीत मार खाल्लेल्यांसाठी, तुरुंगातल्या पिण्याच्या पाण्यासाठी, बरे होऊनही वेड्यांच्या इस्पितळात खितपत पडलेल्यांसाठी ते कोर्टात उभे राहिले होते. त्यातल्या काही याचिका ते जिंकले, आणि जिंकलेल्यांपैकी काही तर अमलातही आल्या. बाकीच्या ‘शासनाने या बाबीत लक्ष घालावे’ अशा सूचनेसह निकाली निघाल्या. शासनाने लक्ष घातलं, म्हणजे फाईल उघडून पाहिली आणि परत बांधली.

वर्तमानपत्रांनी त्यांना ‘वंचितांचा आवाज’ म्हटलं होतं. खालच्या मजल्यावरच्यांची त्या आवाजाबद्दल तक्रार होती, कारण वकीलसाहेब युक्तिवादाची तालीम न्हाणीघरात करत. घर पगारावर चालायचं आणि पगार बायकोचा असायचा. ती शाळेत गणित शिकवायची. निरनिराळ्या संस्थांनी दिलेली मानचिन्हं माळ्यावर होती. एक तेवढं लाकडी, चांगलं वजनदार, खाली होतं. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून ते दाराशी लावलेलं असे. मानवी हक्कांचा घरात एवढाच प्रत्यक्ष उपयोग झाला, असं बायको पाहुण्यांना सांगायची. मात्र कुणी दुसऱ्याने असं काही म्हटलं की त्या पाहुण्याला चहा मिळत नसे.

“हरलात तरी जेवायला या,” जिन्यापर्यंत येऊन ती म्हणाली. “आणि त्या आजींना धीर द्या. तुमचं काय, तुम्हाला राहायला घर आहे.”

आज निकाल होता तो नाल्याकाठच्या वस्तीचा.

वकीलसाहेबांचे केस काळे होते तेव्हा एका सकाळी नगरपालिकेचं यंत्र ती वस्ती पाडायला आलं होतं. माणसं भांडीकुंडी कडेवर घेऊन रस्त्यावर उभी होती. वकीलसाहेबांनी स्कूटर पिटाळत कोर्ट गाठलं आणि दुपारी ‘जैसे थे’चा हुकूम आणला. म्हणजे निकाल लागेपर्यंत नगरपालिकेने काही पाडायचं नाही आणि वस्तीने काही बांधायचं नाही. आहे ते आहे तसंच ठेवायचं. हा हुकूम फक्त पुढच्या तारखेपर्यंतचा होता. पण पुढच्या तारखेला न्यायाधीश रजेवर होते. त्याच्या पुढच्या तारखेला नगरपालिकेची फाईल सापडली नाही. मग वकीलसाहेबांनाच लक्षात आलं, की या खटल्यात आपण जिंकण्यापेक्षा तो न संपणं जास्त सुरक्षित आहे. तिथून त्यांनी तारखा घेण्याच्या कलेत अशी गती मिळवली, की नवे वकील ती पाहायला येऊन बसत. त्या तारखांच्या मधल्या जागेत वस्तीतली पोरं जन्मली, शाळेत गेली, नोकरीला लागली, त्यांची लग्नं झाली. एक अख्खी पिढी पुढच्या तारखेपर्यंत म्हणून जगली होती.

नव्या न्यायमूर्तींना मात्र प्रकरणं संपवायची सवय होती. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, वस्तीच्या पाहणीसाठी एक अधिकारी पाठवला आणि निकालाचा दिवस नेमून टाकला. आज वस्ती राहणार होती किंवा जाणार होती. तिसरी वाट, म्हणजे तारीख, बंद झाली होती.

कोर्टाच्या बाकावर आजी आधीच येऊन बसल्या होत्या. याचिकेत त्यांचं नाव पहिलं होतं, म्हणून सगळी वस्ती त्यांना ‘एक नंबर’ म्हणायची. नवरा गेल्याच्या दुसऱ्याच महिन्यात ते यंत्र दारात आलेलं. तेव्हा त्या आजी झालेल्या नव्हत्या. आता सून शेजारी बसली होती आणि तिचेही केस पिकायला लागले होते.

“जेवलात का, वकीलसाहेब?” आजींनी विचारलं. त्या दर तारखेला हेच विचारत.

“आजी, आज काय होईल सांगता येत नाही.”

“तुम्ही कधी सांगू शकला होता?” आजी हसल्या. “इतकी वर्षं छपराखाली झोपलो ते तुमच्यामुळे. आता पुढचं पुढे.”

हे आभार वकीलसाहेबांना नेहमीच अवघड जायचे. शिवी दिली असती तर उत्तर देता आलं असतं. ते उगाच फाईल चाळू लागले.

इतक्यात नगरपालिकेचे वकील आले. हा गृहस्थ सुरुवातीपासून विरुद्ध बाजूला होता, आणि इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांच्या मुलांच्या लग्नांत जेवणं केली होती.

“आज निकाल लागला की वाईट वाटेल हो,” ते म्हणाले.

“तुम्ही हरलात तर मला कशाला वाईट वाटेल?”

“तसं नाही. आपलं भेटणं बंद होईल ना.”

पुकारा झाला. न्यायमूर्ती निकाल वाचू लागले. त्यांचा आवाज बारीक आणि वाचायचा वेग असा, की जणू खाली कुणी गाडी चालू ठेवून उभं आहे. वकीलसाहेब कान टवकारून उभे राहिले. त्यांचा सगळा भर शेवटच्या युक्तिवादावर होता. निवारा ही माणसाच्या प्रतिष्ठेची पहिली पायरी कशी, हे त्यांनी दोन दिवस मांडलं होतं. न्हाणीघरात तर महिनाभर.

“याचिकाकर्त्यांच्या विद्वान वकिलांनी मानवी प्रतिष्ठा आणि निवाऱ्याचा हक्क यांवर सविस्तर व अभ्यासपूर्ण विवेचन केलं,” न्यायमूर्ती वाचत होते. वकीलसाहेबांनी मान किंचित झुकवली. “त्यात शिरण्याची आवश्यकता नाही.”

वकीलसाहेबांची मान तशीच राहिली. गेलं, त्यांच्या मनात आलं. सगळं गेलं. मागे बाकावर आजी होत्या. वळून पाहायची त्यांची छाती होईना.

“नगरपालिकेचं म्हणणं असं,” न्यायमूर्तींनी पान उलटलं, “की हुकमाचा आडोसा घेऊन या लोकांनी वस्ती वाढवत नेली, खोल्या चढवल्या, भिंती सरकवल्या. आम्ही नेमलेल्या अधिकाऱ्याने घर न् घर तपासलं, पहिल्या पंचनाम्याच्या फोटोंशी ताडून पाहिलं. एक खोली वाढलेली नाही, एक खिडकी नव्याने काढलेली नाही. अधिकारी नमूद करतात, भिंतीत एकही नवा खिळा नाही. उलट मधल्या काळात नगरपालिकेनेच इथे नळ दिले, दिवे लावले आणि कर वसूल केला. ज्यांनी या न्यायालयाचा हुकूम इतका तंतोतंत पाळला, त्यांना बेकायदा म्हणवत नाही. याचिका मंजूर. घरं त्यांच्या नावे कायम करून द्यावीत.”

नगरपालिकेचे वकील उठले. “अपिलासाठी स्थगिती मिळावी.”

“नाही,” न्यायमूर्ती म्हणाले आणि पुढचं प्रकरण पुकारलं गेलं.

“अपील करायचं नाही असं वरून आधीच कळलंय,” नगरपालिकेचे वकील बाहेर पडता पडता कानात म्हणाले. “मी आपलं सवयीने मागितलं.” आणि त्यांनी वकीलसाहेबांचा हात हातात घेऊन तो जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

बाहेर वकीलसाहेबांनी आधी घरी फोन लावला. “जिंकलो,” ते म्हणाले.

पलीकडून बायको नाक ओढून म्हणाली, “बरं झालं. आणि मोजे?”

“दोन्ही पायांत.”

आजी बाकावरच बसून होत्या. सून त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती, पण आजींच्या कपाळाला आठी होती. काहीतरी नक्की करून घ्यायचं असलं की ती पडायची.

“वकीलसाहेब, म्हणजे आता ते ‘जैसे थे’ गेलं?”

“गेलं, आजी. कायमचं.”

“मग खिळा ठोकला तर चालेल?”

वकीलसाहेबांना वाटलं, आजी निकालातल्या शब्दाची गंमत करताहेत. ते हसले. आजी हसल्या नाहीत.

“तुम्हीच म्हणाला होता ना,” आजी म्हणाल्या. “हुकूम घेऊन आलात त्या दुपारी. तुम्ही स्कूटरवर होता. मी विचारलं, ह्यांचा फोटो लावायचाय, भिंतीत एक खिळा ठोकू का? तर तुम्ही म्हणालात, बाई, जैसे थे म्हणजे जैसे थे. खिळासुद्धा नाही! आणि किक मारून गेलात.”

वकीलसाहेबांना यातलं काहीएक आठवत नव्हतं. पण त्या दिवशी आपण केवढे फुगलेलो होतो ते आठवत होतं, आणि असा माणूस काय बोलेल याचा अंदाज करणं अवघड नव्हतं.

“आजी, ती थट्टा होती.”

“थट्टा?” सुनेने डोकं वर केलं. तिचं रडणं थांबलं. “मी आरसा गुडघ्यांत धरून केस विंचरलेत, साहेब! लग्नात आणलेली फळी अजून पलंगाखाली आहे. साऱ्या वस्तीत कुणाला साधी खुंटी मारू दिली नाही सासूबाईंनी. काही म्हटलं की, वकीलसाहेबांना कोर्टात मान खाली घालायला लावू नका.”

“आणि लागली का घालायला?” आजींनी तिला विचारलं.

सुनेने नकारार्थी मान हलवली. वकीलसाहेबांची महिनाभराची तालीम, दोन दिवसांचा युक्तिवाद, त्यात शिरण्याची आवश्यकता नव्हती. सगळं तरलं होतं ते एका फुशारकीवर, जी ते विसरून गेले होते आणि एका बाईने इतकी वर्षं, एकटीने, भांडून, पोरांच्या आणि सुनांच्या शिव्या खाऊन पाळली होती.

“आजी,” ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज समोरच्या माणसापर्यंतच पोचेल इतका बारीक निघाला. “ही केस तुम्ही जिंकलीत. मी नाही.”

“असं कसं?” आजी म्हणाल्या. “कोट तर तुम्ही घातला होता.”

दुपारी ते आजींच्या घरी गेले. खिळा वकीलसाहेबांनीच ठोकायचा, असं वस्तीने परस्पर ठरवलं होतं. माणसं दारात, दाराबाहेर, समोरच्या पायऱ्यांवर दाटली होती. आत पिठाच्या डब्यावर, भिंतीला टेकवून, आजींच्या नवऱ्याचा फोटो होता. दार जरा जोरात लागलं की तो कोसळायचा, आणि आजी स्वयंपाक सोडून “हे पडले बघा” म्हणत धावायच्या. काच दोनदा बदलून झाली होती.

नवा खिळा दुकानातून आला. मग कळलं, की वस्तीत कुणाकडेच हातोडी नाही. घ्यायचं कारणच पडलं नव्हतं. शेवटी कुणीतरी एक दगड आणून दिला.

पहिल्या घावाला वकीलसाहेबांनी स्वतःचा अंगठा ठेचला. दारातून चुकचुकल्याचा आवाज आला. “सावकाश, साहेब,” सून म्हणाली, “आता तारीख नाही, घाईही नाही.” सगळे हसले. वकीलसाहेबही अंगठा तोंडात धरून हसले. दुसऱ्या घावाला थोडा गिलावा पडला, तिसऱ्याला खिळा आत शिरला आणि चौथ्याला घट्ट बसला. त्यांनी तो हलवून पाहिला. हलत नव्हता. इतक्या वर्षांत वकीलसाहेबांनी पुष्कळ काही मांडलं होतं, सिद्ध केलं होतं, नोंदवून घेतलं होतं. पण हाताने हलवून पाहावं आणि ते हलू नये, असं हे पहिलंच. त्यांना एकदम त्या भिंतीला, त्या दगडाला, दारातल्या प्रत्येकाला नमस्कार करावासा वाटला. तो त्यांनी आवरला, कारण अंगठा दुखत होता.

आजींनी पदराने फोटो पुसला. त्यांनी टाचा उंचावून दोन्ही हातांनी फोटो खिळ्याजवळ नेला, इकडे सरकवला, तिकडे सरकवला, मग उलटा करून पाहिला.

फोटोला मागे अडकवायची कडी नव्हती. कधी लागलीच नव्हती.

“असू दे,” आजी म्हणाल्या. “ह्यांनाही इथलीच सवय झालीये.” त्यांनी फोटो होता तसा डब्यावर टेकवला आणि वकीलसाहेबांचा काळा कोट काढून घेऊन खिळ्याला अडकवला, कारण फार उकडत होतं.