तिसऱ्यांदा विचारताना

रक्तदाबाच्या यंत्राचा रबरी फुगा तळहातात अजून उबदार होता — एकशे चाळीस, नव्वद — आणि गावची आरोग्यसेविका सुदाबे हिनं तो सोडला नाही, जणू सोडला तर आकडाही निसटेल. गालिच्यावर तूबाचे सुजलेले पाय, आठवा महिना. समोर पेन उघडून बसलेले नवे डॉक्टर रस्तगार, आरोग्यघरातली त्यांची ही पहिलीच फेरी. तूबाला शहरातल्या इस्पितळात पाठवायची चिठ्ठी सुदाबेनं भरून ठेवली होती. त्यांची सही झाली तरच गाडी निघणार.

“डोकं दुखतं का, खानम?”

“नाही हो डॉक्टरसाहेब. तुमची कृपा.”

“चढण चढून आल्यात. पुढच्या आठवड्यात बघू.” चिठ्ठी बाजूला सरकली.

...असंच सुदाबेनंही एकदाच विचारलं होतं, कुंभारांच्या घरातल्या मेहरीला, चार वर्षांपूर्वी, प्रशिक्षणाहून नुकती परतलेली, आणि रकान्यात सुबक अक्षरात लिहिलं होतं, ‘त्रास नाही’. मेहरीचं बाळ पोटातच गेलं, आणि कुणी सुदाबेला बोल लावला नाही, उलट मेहरीच्या सासूनं अक्रोड पाठवले... ते अजून घशाखाली उतरले नव्हते.

“डॉक्टर, पहिला नकार तुमचा मान राखण्यासाठी असतो,” ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला अनोळखी, भरदार वाटला. “तीनदा विचारावं लागतं.”

“अहो, तीनदा आग्रह चहाला करतात, डोकेदुखीला नाही!”

“आमच्या गावात दोन्हीला करतात.”

ते हसले, पण त्यांनी पुन्हा विचारलं. “नको, उगाच तुम्हाला तसदी,” तूबा पुटपुटली. मग सुदाबेनं तिच्या पावलावर हात ठेवून तिसऱ्यांदा विचारलं.

“कालपासून डोळ्यांपुढे काजवे चमकतायत गं, सुदाबे जान. डोकं नुसतं फुटतंय.”

डॉक्टरांचं हसू विरलं. चिठ्ठी ओढून त्यांनी सही केली. ‘कोणी पाठवलं’ ह्या रकान्यात आजवरचे डॉक्टर आपलंच नाव घालत, तिथे मात्र पेन थबकलं.

“तुमचं पूर्ण नाव सांगा. इस्पितळातून फोन आला तर तुम्हीच बोला त्यांच्याशी.”

गाडी वळणाआड गेली. तूबाचं काय होतंय ते संध्याकाळपर्यंत कळणार नव्हतं. आकडा चुकला तर नाव आपलं, बरोबर ठरला तरी आपलंच... भीती वाटायला हवी होती, वाटतही होती, पण तिच्या तळाशी काहीतरी घट्ट बसत चाललं होतं, नव्या भिंतीच्या पायासारखं. छातीत दूध दाटून आलं होतं. घरी सासूपाशी आठ महिन्यांची नाझगुल, सकाळी ओठ टेकवले तेव्हा तिचं कपाळ जरा गरम लागलं होतं — की आपलेच ओठ गार होते? रोज ह्या विचारासरशी पाय घराकडे पळत.

आज ती उंबऱ्यावर ताठ उभी होती.

“पुढचं कोण आहे? या आत.”