माझ्या अंगावरची दुसऱ्याची चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुना पाना आहे, आणि स्वभावाने संशयी आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कुणाबद्दल वाकडे बोललो तर तुम्हाला नवल वाटणार नाही.

पण मी साधासुधा पाना नाही हं! साधा पाना नट नुसता फिरवतो. मी तो किती जोराने आवळला जातो आहे ते मोजतो. माझ्या पोटात एक स्प्रिंग आहे आणि मुठीपाशी आकडे आहेत. हवा तो आकडा लावायचा आणि आवळायला लागायचे. तेवढा जोर पुरा झाला की मी ‘टक्’ असा आवाज करतो. म्हणजे, बास, आता थांबा. नट सैल राहिला तर खिळखिळा होतो, जास्त आवळला तर त्याचे आटे जातात. या दोन्हींच्या मधली जागा मला कळते, आणि त्याचा मला भारी ताठा होता.

एका कारखान्यात मी घडलो. तिथे मला दहा वेळा तपासले, तेल पाजले आणि लाकडी पेटीत निजवले. पेटी उघडली ती सैन्याच्या एका वर्कशॉपमध्ये. तिथे हेलिकॉप्टर दुरुस्त होत. भिंतीवर एक मोठी फळी होती आणि तिच्यावर प्रत्येक हत्याराची काळी आकृती रंगवलेली होती. माझी आकृती सतरा नंबरची. संध्याकाळी एकही आकृती रिकामी दिसली तर कुणाला घरी जाता येत नसे. हरवलेले हत्यार इंजिनात राहिले असेल, हा तिथला रोजचा संशय. मला ती जागा पहिल्याच दिवशी आवडली.

माझा धनी होता तिथला सगळ्यात जुना कारागीर. त्याला सगळे उस्ताद म्हणत. शेपटाकडचा पंखा फिरवणारी दातेरी चाकांची पेटी चार नटांनी बसवायची, ते काम त्याचे आणि माझे. माझे टक् ऐकले की तो नटापासून पेटीपर्यंत तांबड्या रंगाची बारीक रेघ ओढायचा. नट सैल होऊन फिरला तर रेघ तुटलेली दिसते. मग मला बनियनच्या मऊ तुकड्याने पुसायचा, आकडा शून्यावर आणायचा आणि फळीवर टांगायचा. त्याची बायको म्हणे, “घरात कधी चमचा पुसला नाही, आणि तिथे पान्याचे लाड चाललेत!” हे तोच सगळ्यांना हसत सांगायचा. बावीस वर्षे अशी गेली. मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन आले की माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, “हा आमचा सतरा नंबर. याचं टक् म्हणजे शिक्का.” मी आतल्या आत फुगत असे.

मग एक करार झाला. सैन्य आणि एक बाहेरची कंपनी मिळून दुरुस्तीचे नवे तंत्र घडवणार होते. सैन्याने अनुभव द्यायचा, कंपनीने यंत्रे द्यायची. कंपनीची माणसे गळ्यात ओळखपत्रे अडकवून आली. त्यांच्यात एक तरुण इंजिनिअर होती. वर्कशॉपने दुसऱ्याच दिवशी तिचे नाव चष्मेवाली पाडले. तिच्याकडे एक करडी पेटी होती. हेलिकॉप्टरला तिच्या तारा चिकटवल्या की म्हणे ती थरथर ऐकते आणि कोणता भाग कधी बिघडेल ते आधीच सांगते.

कुठेतरी पाणी मुरतेय, असे मला लगेच वाटले. चष्मेवाली सगळ्यांशी गोड बोलायची आणि उस्तादाने हात कसा धरला हेसुद्धा वहीत लिहून घ्यायची. जेवणाच्या सुट्टीत उस्ताद म्हणालाच, “आपल्याकडून शिकून घेतील, आणि मग आपल्यालाच शिकवायला येतील.” माझे त्याच्याशी एकमत होते.

करारात आणखी एक कलम होते. मोजमाप करणारी सगळी हत्यारे दर वर्षी कंपनीकडे तपासायला जाणार होती. पहिल्या खेपेला माझ्या शेजारचा सोळा नंबर गेला. तो परत आलाच नाही. त्याच्या जागी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला नवाकोरा पाना आला, आणि सोबत ‘जुना निकामी ठरला’ एवढाच कागद. उस्तादाने तो कागद तीनदा वाचला. त्या दिवशी त्याने मला नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसले.

पुढच्या खेपेला माझी पाळी होती. मित्रांनो, आता जे सांगतो ते सांगताना मला लाज वाटते. कोठारात माझ्यासारखाच दिसणारा एक पाना पडून होता. तो फारसा वापरलेला नव्हता. उस्तादाने त्याच्यावर सतराचा नंबर टाकला आणि माझ्याऐवजी त्याला तपासायला पाठवले. तो ‘योग्य’ अशी हिरवी चिठ्ठी लावून परत आला. उस्तादाने ती चिठ्ठी हळूच सोलली आणि माझ्या मुठीवर चिकटवली.

“तुला नाही नेऊ देणार,” तो पुटपुटला.

मला केवढे बरे वाटले! खरे तर काही महिन्यांपासून पोटातली स्प्रिंग जरा मऊ झाल्यासारखी वाटत होती. टक् थोडे लवकर होते आहे की काय, अशी शंका येई. पण ती शंका मी दाबून टाकली. सगळ्या जगावर संशय घेणारा मी, स्वतःला मात्र त्यातून वगळले.

त्यानंतर एक हेलिकॉप्टर मोठ्या दुरुस्तीला आले. उस्तादाने माझ्याकडून शेपटाचे चार नट आवळले. चार टक्, चार तांबड्या रेघा. जमिनीवर इंजिन चालवून पाहिले, तेव्हा चष्मेवालीची पेटी पिवळा दिवा लावून बसली.

“शेपटाकडे थरथर आहे,” ती म्हणाली. “पेटी म्हणतेय, पंख्याची पेटीच बदला.”

“तुमची पेटी काहीही म्हणेल,” उस्ताद म्हणाला. “या बघा रेघा. एकही तुटलेली नाही. नट केसभर हललेला नाही.”

तिने वाकून चारही रेघा भिंगातून पाहिल्या. खरेच, सरळ होत्या. “आणि आवळताना जोर बरोबर होता?”

“टक् होईपर्यंत आवळलंय. पंधरा मिनिटांत उड्डाण आहे आणि मी स्वतः आत बसणार आहे, मॅडम. अजून काय पाहिजे?” तिथे तशी रीतच होती. दुरुस्तीवर ज्याची सही, त्याने पहिल्या उड्डाणात वैमानिकाशेजारी बसायचे.

“तुम्ही बसलात म्हणून नट घट्ट होत नाही, उस्ताद,” ती शांतपणे म्हणाली आणि मला हातात घेतले. मी अंग आवळून बसलो. आता ही मला नेणार! पण तिने मुठीवरची हिरवी चिठ्ठी पाहिली आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

“ही तर आमचीच तपासणी. सही माझीच आहे. म्हणजे पाना बरोबर आहे. मग माझी पेटीच चुकत असणार.” ती ओशाळली. “माफ करा. उगाच तुमच्यावर शंका घेतली.”

ती तारा सोडवू लागली. वैमानिक टोपी चढवत शिडीकडे निघाला. उस्ताद जिंकला होता. मीही जिंकलो होतो. पण तिने परत दिल्यावर मी त्याच्या हातात होतो, आणि त्याचा अंगठा त्या हिरव्या चिठ्ठीवर होता. ती चिठ्ठी कुणाची, हे तिथे आम्हा दोघांनाच माहीत होते. आणि मी पडलो पाना, मला तोंड नाही.

“थांबा,” उस्ताद म्हणाला. मग वैमानिकाकडे वळून पुन्हा म्हणाला, “थांबा. ही चिठ्ठी ह्याची नाही.”

मोठे साहेब जवळच उभे होते. त्यांच्यासमोर त्याने सगळे सांगितले. मग मला बाकावरच्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात घट्ट आडवे धरले, त्या चार नटांचा आकडा लावला आणि मुठीला शिशाची वजने टांगायला घेतली. “पाचव्या वजनाला टक् झालं पाहिजे,” तो म्हणाला. एक टांगले. दुसरे. तिसरे. मी जीव एकवटला, मित्रांनो, जेवढी ताकद होती तेवढी लावली. चौथे वजन लागले मात्र, आणि माझ्या पोटातून आवाज आला. टक्.

रेघा सरळच होत्या, कारण नट सैल झालेच नव्हते. ते मुळात पुरते आवळलेच गेले नव्हते. करड्या पेटीने थरथर खरी ऐकली होती, कारण मात्र चुकीचे सांगितले होते. नव्या पान्याने चारही नट आवळल्यावर पिवळा दिवा विझला.

निवृत्तीला आठ महिने उरले असताना उस्तादाचा सहीचा अधिकार साहेबांनी काढून घेतला. ते योग्यच होते, पण मला फार वाईट वाटले. चष्मेवाली मात्र साहेबांकडे गेली. “सोळा नंबरचं काय झालं ते आम्ही नीट सांगायला हवं होतं. आणि चिठ्ठी बघून मी पाना तपासायचा सोडला. हे दोन्ही अहवालात लिहा,” असे तिने सांगितले. शेवटी ठरले की सैन्याच्या आणि कंपनीच्या नव्या माणसांना उस्तादाने एकत्र शिकवायचे.

आता मी त्या वर्गात असतो. माझ्या अंगावर लाल पट्टी आहे, ‘वापरू नये’. त्या करड्या पेटीवर माझा अजूनही संशय आहे, आणि दर महिन्याला मुद्दाम सैल नट ठेवून तिचीही परीक्षा घेतात, तेव्हा मला समाधान वाटते.

मित्रांनो, तुमच्या हत्यारांवर माया जरूर करा. त्यांना पुसा, तेल द्या, जागेवर ठेवा. पण आवडते म्हणून तपासायचे सोडू नका. आम्हाला आमचा दोष सांगता येत नाही, आणि माझ्यासारखे काही तो लपवतातही.

प्रत्येक नव्या तुकडीला उस्ताद आधी लाल पट्टी कापडाने झाकून मला हाताळायला देतो. माझे टक् ऐकून सगळे माना डोलावतात. मग तो मला व्हाइसमध्ये धरून वजने टांगतो, आणि चौथ्यालाच माझा आवाज होतो.

“आता खरं सांगा,” तो विचारतो, “याच्या टक् वर कुणी कुणी विश्वास ठेवला होता?”

हळूहळू हात वर होतात. सगळ्यात आधी त्याचा असतो.