शेवटच्या ओळीतलं नाव

मास्तर तेजराम डोंगरे वारले त्या दिवशी सगळं भंडारा गाव घाटावर गेलं, आणि मास्तर मात्र ट्रंक घेऊन कौतिकाबाईंच्या घशात राहायला आले. विचारलं नाही, सवरलं नाही. घडीची खुर्ची उघडली आणि बसले.

बाईंचं गाणं तिथंच बंद पडलं. बोलता यायचं, जेवता यायचं, पण सूर लावला की तो मास्तरांच्या खुर्चीला अडायचा. डॉक्टरनं टॉर्च मारून आत पाहिलं, हात जोडले आणि म्हणाला, थोर माणूस आहे, सांभाळा. बाईंना त्या डॉक्टरच्या मुस्काटात द्यावीशी वाटली.

मास्तर आत आले कसे, तर हक्कानं आले. गायन पार्टीत रीत अशी, की गाणं ज्यानं रचलं त्याचं नाव शेवटच्या ओळीत गायचं. नाव आलं की लोकांना कळतं, गाणं कोणाचं. गाणी सगळी बाईंची. चुलीपुढे बसून, धुणं आपटता आपटता रचलेली. पण पार्टी मास्तरांची, आणि बाईचं नाव शेवटाला आलं तर गाणं पडतं, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. म्हणून बाईंनी जन्मभर, स्वतःच्या तोंडानं, प्रत्येक गाण्याच्या शेवटी 'सांगतो तेजराम' म्हटलं. एवढ्या वेळा ज्या वाटेनं नाव गेलं, ती वाट माणसाला पाठ होणारच की! चोरानं कुलूप फोडलं असतं तर बोंब तरी मारता आली असती. इथं किल्ली बाईंनीच रोज हातात दिली होती, आणि त्याचाच त्यांना सगळ्यात जास्त संताप होता.

मास्तरांनी आत बस्तान बसवलं. खिळा ठोकून स्वतःचा फोटो लावला. बाई चहा प्यायल्या की खालून आवाज यायचा.

"कौतिका, फुंकून पी ना. माह्या धोतरावर सांडते."

दुसऱ्या दिवशी बाई चहा आणखी कडक उकळायच्या. फारच डोकं फिरलं तर मूठभर फुटाणे तोंडात टाकून कडाकडा चावायच्या. तेवढा वेळ मास्तर वर बघत गप्प बसायचे.

अशी वर्षं गेली. मग बाईंचा जुना ढोलकीवाला दौलत एक दिवस सांगत आला, की पोरं तुमची गाणी पुन्हा ऐकताहेत, सभागृहात कार्यक्रम ठरलाय, एक नवं गाणं हवं. बाईंनी तिथंच गाणं बांधलं. शेवटच्या ओळीत पहिल्यांदा स्वतःचं नाव घातलं, आणि नवीन लुगडं नेसल्यासारख्या दिवसभर घरात फिरल्या.

आयोजक हार घेऊन आले. बाईंनी मान पुढे केली. ते म्हणाले, मान नको, आ करा. त्यांनी हार आत सोडला, मास्तरांना वाकून नमस्कार केला आणि बाईंच्या हातचा चहा पिऊन गेले. फलकावर फोटो मास्तरांचाच होता. त्या रात्री मास्तरांनी ट्रंकेशेजारी पलंग टाकला. बाईंना थुंकी गिळणं जड झालं.

सकाळी मास्तर म्हणाले, "खुर्ची सरकवतो. गा मोकळ्यानं. शेवट मात्र ठाऊक आहे ना?"

बाईंनी मूठभर फुटाणे तोंडात टाकले.

दुपारी सभागृह गच्च भरलं. बाईंनी सूर लावला आणि तो निघाला, जुना, खरखरीत, छताला भिडणारा. बाया पदरानं डोळे पुसत होत्या. दुसऱ्या कडव्याला मास्तरांचा फोटो भिंतीवरून पडला, काच फुटली ती बाईंना आत टोचली. त्या थांबल्या नाहीत. रक्ताची चव गिळून त्यांनी शेवटची ओळ उचलली.

"खडक फोडून पाणी काढलं, सांगते..."

त्यांच्या जिभेवरून एक हात बाहेर आला. बोटात चांदीची अंगठी होती. हातानं माईक धरला आणि शांतपणे स्वतःकडे वळवला. लोक मास्तरांसाठी उभे राहिले, टाळ्यांना हात उचलून. दौलतनं थाप हवेतच धरली.

सत्तरीतही बाईंचा एक दात पडलेला नव्हता. त्यांनी तोंड मिटलं.