बोळक्याला धाप

साथ आली आणि मामाचा दातांचा दवाखाना बंद झाला. त्या संध्याकाळी शेवटचं कुलूप त्याने मला लावायला सांगितलं. हात थरथरताहेत, असं म्हणाला. हात मुळीच थरथरत नव्हते. मी कुलपाशी झटत असताना त्याला काचेतून आत बघता यावं, एवढाच त्याचा डाव होता.

आत, वेटिंग रूमच्या कोपऱ्यात, जुन्या मासिकांच्या टेबलाशेजारी बोळक्याची टाकी होती. बोळक्या म्हणजे मुठीएवढा, ढेरपोट्या, केशरी गोल्डफिश. दिवसभर दात नसलेल्या म्हाताऱ्यासारखं तोंड उघडमीट करायचा, म्हणून बोळक्या. "माझ्याकडे येऊन एकही पैसा न देता जाणारं हे एकच बोळकं," असं मामा पेशंटना सांगायचा. मी बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी करत असताना त्याला एकदा म्हटलं होतं, "गोल्डफिशला दात असतात, मामा. घशात." एवढा आनंद त्याला माझ्या निकालानेही झाला नसेल. आठवडाभर प्रत्येक पेशंटला, तेही तोंड भुलीने बधिर झालेलं असताना, त्याने ही माहिती पुरवली.

घाबरलेली पोरं टाकीला नाक लावून बसायची आणि त्यांचं रडणं थांबायचं. मामाच्या मते निम्मी प्रॅक्टिस बोळक्या चालवत होता.

मामाला मधुमेह आहे आणि हृदयाचं एक ऑपरेशन झालेलं आहे. त्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की हा आजार तुम्हाला झाला तर आमच्या हातात फारसं काही नाही, घराचा उंबरा ओलांडू नका. ही जबाबदारी मामीने पोलिसासारखी घेतली. घर पुलापलीकडे, दवाखाना अलीकडे, आणि मी दवाखान्यापासून दोन गल्ल्यांवर. म्हणून मामाने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "बोळक्याचं तू बघ. चिमूटभर, रोज एकदाच. भरवसा तुझ्यावरच."

मी रोज सकाळी जाऊन चिमूटभर लाल दाणे घालत होते आणि मामाला व्हिडिओ कॉल करत होते. घरी बसून त्याचं बोलणं आटत चाललं होतं. जेवलास का विचारलं तर "हं". औषध घेतलंस का, तर "हं". पण कॅमेरा टाकीकडे वळवला की तो खुर्चीत सरसावून बसायचा. "अरे वा! आज शेपटी कशी हलवतोय बघ!" मामी मागून म्हणायची, "एवढं कौतुक माझ्या वाट्याला लग्नातही आलं नव्हतं."

त्या सकाळी मी दार उघडलं आणि आधी वास आला. टाकीतलं पाणी तांदूळ धुतल्यासारखं गढूळ होतं. बोळक्या अगदी वर, तोंड पाण्याबाहेर काढून, गपागप हवा गिळत होता. कल्ले भराभर उघडत होते. कडा लालबुंद.

फोन करावा की करू नये, हा विचार पुरा व्हायच्या आत मामाचाच कॉल आला. दाखवण्यावाचून इलाज नव्हता.

"धाप लागलीय त्याला," मामा म्हणाला. आवाज एकदम बारीक. "अगं, त्याला झालाय!"

"माशाला नाही होत रे हा आजार."

"कशावरून? मांजराला झाला म्हणून बातम्यांत दाखवलं."

"मांजराला फुप्फुसं असतात, मामा. ते माणसाजवळ झोपतं, त्याचा श्वास हुंगतं. बोळक्या पाण्यात राहतो. हे दुखणं पाण्याचं दिसतंय."

"दिसतंय? म्हणजे तुला नक्की माहीत नाही."

"शोधतेय."

"तू शोध. मी येतो."

पलीकडे काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. बहुधा वाटी. "कुठे येताय?" मामी.

"दवाखान्यात. तासाभराचं काम आहे."

"तुमचं तासाभराचं, पुढचं सगळं माझं. बसा खाली."

"पेशंट धापा टाकतोय आणि डॉक्टर घरात बसलाय, हे कुठल्या शास्त्रात बसतं?" मग मामा पुन्हा माझ्याकडे वळला. "दुपारपर्यंत तो खाली गेला नाही, तर मी निघणार. मग तुझी मामी दारात आडवी पडली तरी."

"आडवी कशाला पडेन? उभीच राहीन," मामी म्हणाली आणि फोन बंद झाला.

पाचच मिनिटांत तिचा स्वतंत्र फोन आला. ती कुजबुजत होती. "गंमत समजू नकोस गं. ते खरंच निघतील. चपला मी वॉशिंग मशीनमध्ये लपवल्यात, पण ते अनवाणी जाणारे गृहस्थ आहेत. तू काहीही कर, पण त्या माशाला बरा कर."

म्हणजे आता माशाच्या श्वासावर मामाचं घरात राहणं अवलंबून होतं. मी बाह्या सरसावल्या.

आजारी पाणी ओळखायला आधी तळ बघावा. मी टॉर्च मारला. खड्यांमध्ये माझे लाल दाणे फुगून पडले होते. त्यांच्या शेजारी हिरवे दाणे होते. त्याखाली पापडीसारखे पातळ तुकडे. आणि एका शंखामागे, पांढरी बुरशी पांघरून, अर्धा वाटाणा.

हिरवे दाणे मी कधी आणलेच नव्हते. वाटाण्याचा तर प्रश्नच नव्हता. आणि दाराचं कुलूप तर शाबूत होतं.

मी बुचकळ्यात पडून उभी होते, तेवढ्यात बाहेर किल्ली वाजली. दार उघडून आत आली ती काउंटरताई. मामाच्या रिसेप्शनवर ती इतकी वर्षं बसते, की पेशंट तिला याच नावाने हाक मारतात. तोंडावर मास्क, वर प्लॅस्टिकची ढाल, हातात पर्स. मला बघून ती दचकली आणि तिच्यामुळे मी.

"तू काय करतेस गं इथे?"

"बोळक्याला खायला घालायला आले होते. आणि तुम्ही?"

ताईने पर्समधून हिरव्या दाण्यांची पुडी काढली आणि ती जणू चोरीचा माल असावी तशी पुन्हा आत सारली. "डॉक्टरांनी सांगितलं मला. भरवसा तुझ्यावरच, म्हणाले. कुणाला बोलू नकोस, म्हणाले."

"पापडीसारखं काही घालता?"

"छे. ते काय असतं?"

मागच्या खोलीचं दार करकरलं. तिथे कवळीदादा दातांच्या कवळ्या बनवतो. त्या खोलीला गल्लीतून वेगळा दरवाजा आहे. दादा एका हातात माशांच्या खाद्याचा डबा आणि दुसऱ्या हातात वाटी घेऊन बाहेर आला. वाटीत उकडलेले वाटाणे होते.

तिघंही तीन कोपऱ्यांत उभे राहिलो. कुणी कुणाच्या जवळ जायचं नाही, हा नियम होताच. त्या क्षणी तो बराच सोयीचा वाटला.

"वाटाणा पोटाला चांगला," दादा अखेर म्हणाला.

"कुणाच्या?"

"माझ्या तरी आहे."

मी मामाला कॉल लावला आणि फोन सगळ्यांच्या बाजूने फिरवला. "मामा, बोळक्याला खायला घालायला तू किती जणांना सांगितलंस?"

मामाने चष्मा काढून पुसायला घेतला.

"डॉक्टर, मला म्हणालात भरवसा तुझ्यावरच," काउंटरताई म्हणाली. तिचा आवाज दुखावला होता.

"मलाही," दादा म्हणाला. "मी तर घरी बायकोला सांगितलं, बघ, सरांना माझी किंमत आहे."

"अरे, होताच ना भरवसा," मामा पुटपुटला. "पण एखादा आजारी पडला, कुणाला रस्त्यात अडवलं, तर? म्हणून जरा... मागे आणखी एक असावा."

"यांचं हे जन्माचं आहे," मामी पडद्यात डोकावली. "तिघांना टोमॅटो आणायला सांगतात. मग घरात टोमॅटोच टोमॅटो, आणि मीठ कुणीच आणलेलं नसतं."

काय झालं असावं, ते मी थोडक्यात समजावलं. तिघांचं तिप्पट खाद्य. उरलेलं तळाशी कुजतं. कुजलेल्या अन्नातून आणि माशाच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. त्याने कल्ले भाजतात, शिवाय कुजताना पाण्यातला ऑक्सिजनही संपतो. मग मासा वर येऊन हवा गिळतो. कुणी त्याला आजार आणून दिला नव्हता. दिलं होतं ते फक्त जेवण.

"म्हणजे मायेनेच मारतोय आपण," ताई म्हणाली.

"मेलेला नाहीये अजून," मामा फोनमधून कडाडला. "काय करायचं ते सांग!"

आधी घाण काढायची. मग थोडं पाणी बदलायचं, सगळं नाही, नाहीतर त्याला धक्का बसेल. ताई तत्परतेने पुढे झाली, हातांवर भरपूर सॅनिटायझर चोळला आणि कोपरापर्यंत हात टाकीत घालणार, एवढ्यात मी जी किंकाळी फोडली, तिने बोळक्यासुद्धा क्षणभर तोंड मिटायला विसरला असेल.

"अगं, स्वच्छच करतेय!"

"त्याच्यासाठी ते विष आहे, ताई. साध्या पाण्याने धुवा, वास जाईपर्यंत."

ती हात धुऊन आली तोवर मी रबरी नळीने तळाचा गाळ बादलीत ओढून घेतला होता. आता प्रश्न नव्या पाण्याचा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, तेही कल्ल्यांना सोसत नाही. पाणी एक दिवस उघडं ठेवलं तर क्लोरीन उडून जातं, पण दिवस कुणाकडे होता? क्लोरीन मारायचे थेंब माशांच्या दुकानात मिळतात. दुकान बंद.

"कुणाकडे व्हिटॅमिन सी आहे?" मी विचारलं.

त्या दिवसांत हा प्रश्न म्हणजे कुणाकडे नाक आहे का, असं विचारण्यासारखं होतं. ताईच्या पर्समध्ये दोन बाटल्या निघाल्या. संत्र्याच्या चवीच्या, चघळायच्या गोळ्या मी परत केल्या. साध्या पांढऱ्या गोळ्यांपैकी एक कुटून थोडीशी पूड बादलीत ढवळली.

"आता माशाचीही प्रतिकारशक्ती वाढवणार का?" दादा म्हणाला.

"त्याची नाही. ही पूड क्लोरीनला निकामी करते, बस्स."

हातावर पाण्याची उष्णता जुळवून मी बादली हळूहळू टाकीत सोडली. पाणी बरंच निवळलं. पण बोळक्या वरच होता. कल्ले तसेच धावत होते.

"हवा," मामा एकदम म्हणाला. "हवा द्या त्याला! माझी खुर्ची!"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. दात वाळवायला मामाच्या खुर्चीला हवेची पिचकारी असते. बटण दाबलं की फुस्स करून हवा येते.

"माझ्या खोलीतला कॉम्प्रेसर ओढून आणू?" दादा म्हणाला.

"अजिबात नाही, तुझ्या कॉम्प्रेसरच्या हवेत तेल येतं! माझा बिनतेलाचा. कपाटात लाळ ओढायच्या कोऱ्या नळ्या आहेत, खालच्या खणात. एकीत एक घाल. सांध्यांना मेण लाव."

मामाचा आवाज बदलला होता. बऱ्याच दिवसांनी तो विचारत नव्हता, सांगत होता. दादाने कवळीच्या हिरड्यांना वापरतात ते गुलाबी मेण दिव्यावर मऊ केलं आणि नळ्या जोडत जोडत खुर्चीपासून वेटिंग रूमपर्यंत आणल्या. दुसरं टोक मी खड्यांत खोचलं. काउंटरताई पेशंटच्या खुर्चीत बसली आणि तिने बटण दाबलं. टाकीत एवढा मोठा बुडबुडा उसळला, की बोळक्या टाकीच्या काचेवर आपटला.

"जोर कमी!" मामा ओरडला. "हिरडी सुकवत नाहीयेस तू!"

ताईने अंगठा हलका केला. बुडबुड्यांची बारीक माळ वर चढू लागली. ताईचा अंगठा दुखला की दादा, दादाचा दुखला की मी. मामाचा फोन मी मासिकांच्या गठ्ठ्याला टेकवून टाकीसमोर ठेवला होता. जन्मभर लोकांना "आ करा, अजून मोठा" म्हणणारा माणूस पडद्याला नाक लावून विनवत होता, "मिट बाळा. तोंड मिट. थोडंसंच. हं, शाब्बास."

दुपार टळायला आली. मामा निघाला नाही. निघणार कसा? फोन सोडला असता तर पेशंटवरून नजर हटली असती. मामीने ताट त्याच्या मांडीवर ठेवलं आणि तो न बघता जेवला. सगळं. तिने मला खुणेने रिकामं ताट दाखवलं.

केव्हातरी बोळक्याचं तोंड पाण्याखाली गेलं. पुन्हा वर आलं. पुन्हा गेलं आणि बराच वेळ वर आलंच नाही. मग तो सावकाश, पोट सांभाळत, बुडबुड्यांच्या शेजारी टाकीच्या मध्यावर येऊन थांबला. कल्ले अजून लाल होते, पण चाल संथ झाली होती.

"आता खायला काय द्यायचं?" ताई कुजबुजली.

"काही नाही. तीन-चार दिवस कुणीही काहीही घालायचं नाही. रोज थोडं पाणी बदलायचं, एवढंच."

"मग आम्ही येऊन करायचं काय?" दादाने इतक्या खऱ्या काळजीने विचारलं, की मला हसू फुटलं.

"बसायचं. लांब लांब."

तसे आम्ही बसलो. मी मामाला विचारलं, "बघितलंस ना? खाली गेला." पडद्यावर मामाची हनुवटी छातीवर टेकली होती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता आणि तोंड उघडं होतं. मामीचा हात आला, त्याने चष्मा अलगद काढून घेतला.

"ठेवू का फोन?" मी हळूच विचारलं.

"नको," मामी म्हणाली. "राहू दे तसाच. जाग आली की आधी तोच दिसला पाहिजे."